शिशाचा एप्रन

“घट्ट धर गं, हलू देऊ नगंस!” भिंतीआडून नानासो ओरडला.

हरणाबाईनं पोराला टेबलावर दाबून धरलं. यंत्र घरघरलं, खट्‌ वाजलं. पोर रडत आईकडे गेलं.

सांगलीकडच्या त्या दवाखान्यात हरणाबाई अकरा वर्षं आया होती. एक्स-रे काढताना लहान मुलांना तीच धरायची. अंगाला किरणं लागू नयेत म्हणून घालायचा शिशाचा एप्रन एकच होता, आणि तो एक्स-रे काढणाऱ्या नानासोच्या अंगावर असायचा. वर्षभर तिच्या बोटांची कातडी तडकत होती. नखांवर काळ्या रेघा उठल्या होत्या. सुनेला ती सांगे, धुण्याच्या सोड्यानं झालंय. स्वतःला मात्र ते पटवता येत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये मुंबईहून एक्स-रे यंत्रांच्या तपासणीचे साहेब आले.

“या खोलीत माणसं किती काम करतात?”

“मी एकटाच, सर,” नानासो म्हणाला.

हरणाबाई दोघांच्या मधेच उभी होती. नोकरी कायम नव्हती; बोललं तर उद्या घरी बसावं लागेल. तरी तोंडून निघून गेलं, “आवं सायेब, मीबी हितंच असती. पोरं मीच धरती.”

साहेबांनी तिला खिडकीपाशी नेलं. तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली.

“नाव काय तुमचं, बाई?”

अकरा वर्षांत कुण्या साहेबानं हे विचारलं नव्हतं. तिनं नाव सांगितलं; साहेबांनी ते लिहून घेतलं.

आठवड्याभरात हुकूम आला. हरणाबाईला कपडे धुण्याच्या कामावर पाठवलं. बोटाच्या कातडीचा तुकडा तपासायला मिरजेला गेला. निकाल यायचा होता.

चादरी पोचवायला ती वर आली, तर एक्स-रेच्या दाराशी मनुबाई उभी. नवी आया, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

“मावशी, तुमच्या जागी मला नेमलंय. निस्तं पोरं तर धरायची, न्हवं?”

हरणाबाईनं दोन्ही हात तिच्यापुढे केले. मनुबाईचा चेहरा उतरला.

“मनुबाई, चल की! पेशंट खोळंबलाय,” नानासो बाहेर आला.

हरणाबाई दारात आडवी झाली. “आदी त्यो एप्रन हिला घाला. तुमी तर भिंतीआड असता.”

“तो माझ्या नावावर...” म्हणता म्हणता नानासोची नजर तिच्या हातांवर गेली. त्यानं मान खाली घातली आणि एप्रन काढून दिला.

“लय जड हाय ओ,” मनुबाई वाकत म्हणाली.

हरणाबाईनं मागून बंद बांधले. गाठ बसली की नाही, हे तिच्या बोटांना कळेना. म्हणून तिनं मनुबाईलाच ओढून बघायला सांगितलं.