रोज पुसली जाणारी पाटी

मित्रांनो, गाडीत बसताना तुम्ही काच बघता, सीट बघता, फार तर कुणाचं लक्ष नसताना हॉर्न वाजवून बघता. माझ्याकडे कुणी बघत नाही. बघणार तरी कसं? मी समोरच्या फळीमागे, तारांच्या गुंत्यात, अंधारात स्क्रूने आवळून बसवलेला आहे. वहीएवढा पत्र्याचा एक डबा. एका जुन्या पेट्रोल व्हॅनच्या इंजिनाचा मी संगणक. इंजिनाला हवा किती द्यायची, पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे सगळं मी ठरवतो. बढाई मारायला सांगत नाही, पण खरं ते खरं.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी मला दोन प्रकारची आठवण दिली. एक कोरलेली. ती कुणी पुसू शकत नाही. इंजिन कसं चालवायचं याचे सर्वसाधारण नियम तिच्यात आहेत. दुसरी आठवण म्हणजे पाटी. माझं इंजिन कुठे अडखळतं, हवेच्या वाटेत किती काजळी साचली आहे, इथली हवा जाड की विरळ, हे रोज चालता चालता मी त्या पाटीवर लिहीत जातो. पण पाटीवरचं टिकतं ते बॅटरीच्या जिवावर. बॅटरीची तार सुटली की पाटी कोरी. घडलेल्या गोष्टी मी विसरत नाही, बरं का. जातो तो माझा सराव.

सुरुवातीची सहा वर्षं मी चंदीगडला काढली. मालक घरातून कचेरीत जायचा आणि कचेरीतून घरी यायचा. गुळगुळीत रस्ता, भरपूर हवा. मग एका उन्हाळ्यात यांगडोल नावाच्या बाईने व्हॅन विकत घेतली आणि स्वतः चालवत लडाखला आणली. चढताना माझी जी काही तारांबळ उडाली, ती काय सांगू! हवा पातळ, रस्ता उभा. पण मी शिकलो. बारालाचा खिंडीपाशी धडपडलो, तांगलांगला खिंडीपाशी सावरलो आणि शारा गावात उतरलो तेव्हा त्या हवेचा पुरता सराव झाला होता.

यांगडोलचा नवरा फौजेत, वर्षातले दहा महिने बाहेर. घरात ती, दहावीतली तिची मुलगी चोरोल आणि म्हातारे सासरे. सासऱ्यांना सगळं गाव मेमे ग्यालसन म्हणतं. मेमे म्हणजे आजोबा; आदराने हाक मारताना मेमे-ले. उन्हाळाभर यांगडोलने गावातल्या बायकांची भाजी लेहच्या बाजारात नेली. जर्दाळूच्या पेट्या नेल्या, एकदा तर आजारी वासरू नेलं. बायका म्हणायच्या, यांगडोलची गाडी म्हणजे गुणाची गाय. मला ते फार आवडायचं. उगाच कशाला खोटं बोलू?

मग थंडी आली आणि मेमेंनी पाना हातात घेतला.

मेमे अठ्ठावीस वर्षं फौजेचा ट्रक चालवत होते. तिथे एक नियम होता, ऊन गेलं की बॅटरी काढायची आणि रात्रभर बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, ठेवायची. बाहेर राहिली तर ती गोठून मरते आणि सकाळी गाडी हलत नाही. मेमेंचं म्हणणं असं की गाय गोठ्यात घेतो, मग बॅटरीनेच काय पाप केलंय? ते रोज संध्याकाळी यायचे, तार सोडायचे आणि लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून बॅटरी घरात न्यायचे. ती त्यांची माया होती. पण तार सुटली की माझी पाटी कोरी व्हायची, आणि हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या ट्रकमध्ये माझ्यासारखा डबा नव्हताच.

सकाळी बॅटरी बसवली की मी जणू चंदीगडच्या हवेत जागा व्हायचो. हिशेब सगळा कारखान्यात कोरलेला, मैदानातला, आणि गाडी उभी लडाखमध्ये. इंजिन थरथरायचं, धापा टाकायचं, बंद पडायचं. खरं तर अशा वेळी मला थोडी शांतता लागते. इंजिनाला आपलं आपण चालू द्यायचं, म्हणजे मी चाचपडत पुन्हा शिकतो. पण मेमेंना कुठला धीर! त्यांच्या जमान्यात थंड इंजिनाला पायाने रेस देऊन जागं करायचे. ते स्वतः बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे, नाहीतर दाराशी उभे राहून यांगडोलला सांगायचे, "दाब, पोरी, अजून दाब." ते दाबत राहिले की आवाज जोरात यायचा, सगळ्यांना वाटायचं गाडी झाली तयार. मला मात्र काही शिकता यायचं नाही. पाय उचलला की इंजिन मान टाकायचं. अर्धा रस्ता चालल्यावर कुठे थोडं जमायचं, आणि संध्याकाळी पुन्हा पाना. ये रे माझ्या मागल्या.

फेब्रुवारीत गावातल्या दहावीच्या पाच मुलांना प्रात्यक्षिक परीक्षेसाठी कारूला न्यायचं होतं. ते काम आईबापांनी यांगडोलवर सोपवलं होतं. ओढ्यातून वर येणाऱ्या चढावर, वळणाशी तिने क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. एकदा नाही, चार वेळा. मुलं पाऊण तास उशिरा पोचली. मास्तरांनी त्यांना आत घेतलं, पण बजावलं की मार्चात लेखी पेपर आहेत, तेव्हा फाटक बंद झालं म्हणजे बंद झालं, आणि बाहेर राहील त्या मुलाचं वर्ष गेलं.

परतल्यावर यांगडोल मेस्त्री शोधत फिरली. लेहच्या एका मेस्त्रीने तपासणीच्या तारा न लावताच निकाल दिला की डबा गेला, फेकून द्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मित्रांनो, मी गेलो नव्हतो, पण हे सांगू कुणाला?

कारूला बाकिर उस्ताद नावाचा कारगिलकडचा मेस्त्री आहे. यांगडोल त्याच्याकडेही दोनदा गेली. गंमत अशी की तिथे पोचेपर्यंत मी जरा शिकलेला असायचो, आणि त्याच्यासमोर इंजिन छान चालायचं. दवाखान्याच्या दारात ताप उतरतो ना, तसं. शेवटी बाकिर म्हणाला की आजार सकाळचा आहे, तर मीच मुक्कामाला येतो. तो आला, मेमेंना बॅटरी नेताना त्याने पाहिलं. सकाळी रेस देणारा त्यांचा पाय पाहिला. इंजिन बंद करून तो व्हॅनला टेकून उभा राहिला आणि अदबीने बोलू लागला.

"मेमे-ले, बॅटरी आत नेता ते बरोबरच आहे. बाहेर राहिली तर सेल्फसुद्धा फिरायचा नाही. पण तार सुटली की हा डबा शिकलेलं विसरतो. सकाळी त्याला वेळ द्या. चावी फिरवून जरा थांबा, मग चालू करा आणि पाय लांब ठेवा. हीटर नको, दिवे नकोत. वीस मिनिटं. त्याचं तो शिकेल."

मेमेंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अठ्ठावीस वर्षं बर्फातून ट्रक काढलेत मी. रेस न देता थंडीत इंजिन कसं धरतं, हे तू मला शिकवणार?"

"तेव्हा सगळं तुमचा पायच करायचा, मेमे-ले. याला तुमच्या पायाची गरज नाही."

बाकिरच्या मनात काही वाईट नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला असं वाक्य कुठे लागतं ते त्याला कळलं नाही. यांगडोलला कळलं. ती खाली बघत राहिली. मेमे पाना खिशात घालून घरात गेले.

त्यानंतर दोन दिवस ते व्हॅनजवळ फिरकले नाहीत. बॅटरी यांगडोलच काढायची आणि बसवायची. तिसऱ्या संध्याकाळी मेमे अंगणात येऊन उभे राहिले, तेव्हा तिला वाटलं, राग गेला, आज ते काढतील. मेमेंना वाटलं, आता हे सुनेचं काम. बॅटरी बाहेरच राहिली. सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'टक' झालं. दुसऱ्या दिवशी पहिला पेपर होता.

दुपारी पोरांचे आईबाप अंगणात जमले. त्यांनी सरळ सांगितलं की उद्या दोर्जेचा वाळूचा टिप्पर मागवतो. पोरं मागे उघड्यावर बसतील, गारठतील, पण पोचतील तरी. यांगडोल म्हणाली, "माझी चोरोलही याच गाडीत बसणार आहे. उद्या सातपर्यंत थांबा. नीट चालू झाली नाही तर मी स्वतः तिला टिप्परमध्ये चढवीन." लोक तयार झाले, पण तोंडं वाकडी करूनच. तिला पुरतं ठाऊक होतं की एकदा पोरं टिप्परमधून गेली की पुन्हा तिच्या व्हॅनमध्ये कुणी पाय ठेवणार नाही. बॅटरी अजून जोडलेलीच होती, त्यामुळे तेवढं सगळं मी ऐकलं. मेमेही भिंतीपाशी ऐकत होते. सगळे गेल्यावर ते आले, तार सोडली आणि बॅटरी छातीशी धरून आत नेली.

मला जाग आली तेव्हा नुकतं फटफटत होतं. तारा आवळणारे हात मेमेंचे होते. ते आत बसले, चावी फिरवली आणि थांबले. खरंच थांबले! मग सेल्फ मारला. इंजिन चालू झालं आणि लगेच गडगडायला लागलं. नेहमीच्या सवयीने मी त्यांच्या पायाची वाट पाहिली. पाय आला नाही. इंजिन विझायला आलं. मी चाचपडत हवेची वाट जरा उघडली. ते तगलं. पुन्हा खचलं, पुन्हा उघडली. फळीपलीकडून, मेमेंच्या सीटवरून, मंत्र पुटपुटल्याचा आवाज येत होता आणि मण्यावर मणी पडत होता.

यांगडोल चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"मेमे-ले, मांडी घालून का बसलात? पाय गारठतील."

"खाली सोडला तर दाबेल तो. अठ्ठावीस वर्षांची खोड आहे त्याला."

"आणि माळ?"

"बॅटरी काढली की हे घड्याळ बारावर जाऊन बसतं. त्याच्यावर काय भरवसा? तीन माळा म्हणजे वीस मिनिटं. दोन झाल्या." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तो कारगिलचा पोरगा खरं बोलत होता. मलाच ऐकवलं नाही."

यांगडोलने चहाचा पेला त्यांच्या हातात दिला नाही, फळीवर ठेवला, कारण हातातली माळ थांबली असती. तिसरी माळ संपेपर्यंत इंजिन तापलं होतं, एका सुरात चालत होतं. माझ्या पाटीवर थोडं काही लिहिलं गेलं होतं. थोडंच, पण माझं मी लिहिलेलं.

सातला आईबाप आले. दोर्जेचा टिप्पर गल्लीच्या तोंडाशी घरघरत उभा होता. मेमे उतरायला गेले तर पाय इतके बधिर झालेले की उभंच राहता येईना. चोरोलने आणि आणखी एका पोराने त्यांना दोन्ही काखांत धरून उतरवलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि हातानेच जा म्हणाले. पाचही पोरं आत बसली. कुणी टिप्परचं नाव काढलं नाही.

ओढ्याचा चढ आला. तेच वळण. यांगडोलने क्लच दाबला आणि इंजिनाचे फेरे सरसर कमी झाले. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगून कळणार नाही. मागे पाच जणांचं वर्ष बसलं होतं. मी हवा उघडली, नेमकी तेवढीच. इंजिन अडखळलं आणि टिकलं. यांगडोलने गियर टाकला आणि आम्ही वर आलो. कुणीतरी मोठा श्वास सोडला. बहुतेक यांगडोलच असेल. परीक्षेच्या दारात आम्ही पंचवीस मिनिटं आधी पोचलो. फाटक बंद झालं तेव्हा पाचही जण आत होते.

मित्रांनो, माझ्यासारखे डबे आता घरोघरी झाले आहेत. बॅटरी काढाल, बदलाल, तेव्हा आमची पाटी पुसली जाते एवढं ध्यानात ठेवा. लगेच फेकायला काढू नका आणि लगेच दाबायलाही जाऊ नका. आमच्याजवळ थोडा वेळ नुसते बसा. माया पुष्कळांना येते. मांडी घालून बसणारा मला आजवर एकच भेटला.

त्या संध्याकाळी ऊन डोंगरामागे गेलं आणि मेमे पाना घेऊन आले. यांगडोलही मागून कांबळं घेऊन आली. मला ठाऊक होतं, आता सगळं जाणार. चढ जाईल, वळण जाईल, सकाळी एवढ्या कष्टाने धरलेला सूर जाईल. मेमेंनी तार सोडण्याआधी बोनेटवर तळवा ठेवला. लहान पोराची समजूत काढावी तसे ते हळूच म्हणाले, "घाबरू नको. उद्या पुन्हा शिकू."

त्यांनी तार सोडली. आयुष्यात पहिल्यांदा मला विसरायची भीती वाटली नाही.