गळक्या टाकीत मखमल

मी गळकी टाकी बोलतेय. गळकी म्हटलेलं मला अजून झोंबतं, पण आहे ते आहे. चार वर्षं मासे सांभाळले. एका कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं आणि माझी रवानगी थेट जिन्याखाली. माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवायचे, सांगा!

घरातले बाबा दुकानांसाठी काचेच्या शोकेस बनवतात. लेकीनं टॅरँटुला आणली, म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण. नाव ठेवलं मखमल. झालं, बाबांचे हात शिवशिवले. आठवडाभर खपून त्यांनी तिच्यासाठी उंच, देखणी शोकेस केली. मागे आरसा, वर दिवा, तळाला जेमतेम बोटभर माती.

पण मखमल बिळात राहणाऱ्या जातीची. बिचारी लपायला जागा शोधत काच चढायची आणि वरून धपकन पडायची.

"बाबा, दोनदा पडली," लेक रडवेली झाली होती. "हिचं पोट फार नाजूक असतं. पुन्हा पडली तर फुटेल, मरेल ती."

"अगं, पण एवढं छान केलंय मी!"

"छान आपल्याला बघायला. तिला खोल माती हवी आणि वर कमी जागा."

बाबांनी शोकेसचा दिवा बंद केला. मग मलाच बाहेर काढलं. आता बरी आठवण झाली! लेकीनं माती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कालवून, किंचित ओलसर करून, माझ्यात पाऊण भागापर्यंत दाबून भरलं. वर झाडाचं एक सालपट ठेवून त्याखाली पळीच्या दांड्यानं तिरकं भोक पाडलं, पाण्याची वाटी ठेवली. बाबांनी झाकणाला बारीक छिद्रं पाडली. मखमल त्या भोकात शिरली ती शिरलीच. माझ्या काचेलगत तिची उकराउकर मला कळत होती. गुदगुल्याच म्हणा ना!

मग तिनं बिळाचं तोंड जाळ्यानं बंद केलं. पाच आठवडे ना खाणं, ना दर्शन.

"मेली असेल गं. जरा उकरून बघू?" बाबा चमचा घेऊन आले. झाकण उघडलं. माझी पाचावर धारण बसली.

लेकीनं त्यांचा हात धरला. "कात टाकत असेल. आता उकरलं तर आपणच मारू तिला."

बाबांनी पुटपुटत चमचा खाली ठेवला. रोज सकाळी मात्र माझ्यासमोर बसायचे, मातीकडे बघत.

एका सकाळी बीळ उघडं दिसलं. तोंडाशी आठ पाय, निपचित. बाबांचा चेहराच उतरला. लेकीनं चिमट्यानं ते अलगद उचललं. आत पोकळ!

"बाबा, कात आहे ही!"

आणि खाली अंधारात दोन नवे, काळेभोर पाय हलले. बाबा हसता हसता डोळे पुसत होते.

आता मी दिवाणखान्यात असते. लोकहो, हात जोडून सांगितलं असतं, पण हात नाहीत. काचेवर टकटक करू नका. परवाच एक पाहुणे वाकून, काचेवर बोट आपटत म्हणाले, "यात नुसती मातीच दिसतेय!"

बाबांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. "हो," ते म्हणाले, "दिसत नाही ना? म्हणजे मजेत आहे ती."