ओलं फडकं

त्याने फडक्याची दोन टोकं चिमटीत धरून ते वर उचललं आणि अर्ध्यावरच हात थांबवला. फडकं थेट मातीला चिकटलं होतं.

"काड्या कुठे गेल्या?"

बायको दारात ओले हात पुसत उभी होती. "काढल्या मी. पहिल्याच आठवड्यात. गालांत, कपाळात, हनुवटीत टोचलेल्या. मातीचं असलं तरी माणसाचं तोंड आहे ते. मला बघवेना."

काड्या त्यानेच खोचल्या होत्या, ओलं फडकं चेहऱ्याला न टेकता वरच्या वर तरंगावं म्हणून. इस्पितळात जाताना त्याने तिला तीनतीनदा बजावलं होतं, माती वाळू देऊ नकोस, वाळली की तडकेल. काड्यांचं सांगायचं राहिलं. जे आपण रोज करतो ते दुसऱ्याला सांगावं लागतं, हे कुणाच्या लक्षात येतं?

सव्वीस वर्षं तो कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवत होता. गुळगुळीत डोकी, ना नाक ना डोळे. गिऱ्हाइकाने कपड्याकडे बघावं, तोंडाकडे नव्हे, असं मालकाचं म्हणणं. घरी मात्र मागच्या खोलीत एकच डोकं होतं, त्याच्या आईचं. आईचा फोटो नव्हता. नऊ वर्षं तो आठवून आठवून एकेक सुरकुती घालत होता. बघणारे म्हणत, काय हुबेहूब म्हातारी केलीय! म्हातारी हुबेहूब होती, पण ती त्याची आई नव्हती. कुणाचीही चालली असती.

आता कारखान्याच्या धुळीने फुप्फुसं धरली होती. डॉक्टरांनी माती, प्लॅस्टर, सगळंच बंद करायला सांगितलं होतं. कारखान्यातला जुना सोबती, साचेवाला, आज अकरा वाजता या डोक्याचा साचा काढायला येणार होता. तोही उद्या सामान विकून मुलाकडे कायमचा निघाला होता. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. काल रात्रीच तो इस्पितळातून घरी आला होता आणि निदान ओठ तरी साधावेत म्हणून पहाटेच उठला होता.

त्याने फडकं पूर्ण काढलं.

ओठांच्या कडेच्या रेघा गेल्या होत्या. पापण्यांची धार, नाकपुड्यांची कड, कपाळावरच्या आठ्या, सगळं पुसलं गेलं होतं. डावा गाल किंचित आत बसला होता. त्या बाजूच्या दाढा आईने काढून घेतल्या होत्या, हे त्याला आत्ता आठवलं. नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. डोळे अर्धवट मिटलेले, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखे.

त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि आईपुढे जाताना लावायचा तसं त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बिघडलं का हो?"

"पाणी कसं लावायचीस?"

"हातानेच." तिने हवेत तळवा फिरवून दाखवला. डाव्या गालावरून खाली हनुवटीपर्यंत, मग दोन्ही अंगठे डोळ्यांवरून. "डोळे आधी सुकायचे. आणि लावता लावता बोलायचीही मी. हसू नका."

"काय बोलायचीस?"

"हेच. आज ताप उतरला. आज दोन घास खाल्ले. आज डॉक्टर धड बोलले नाहीत. घरात दुसरं होतं कोण?"

तिने त्याच्या आईला कधी पाहिलंही नव्हतं. लग्नाच्या चार वर्षं आधीच सासू गेली होती.

त्याने कोरणी उचलली. ओठांपाशी नेली, मग गालापाशी, मग कानाच्या पाळीशी. कुठेही टेकवली तरी काहीतरी कमीच होणार होतं. नऊ वर्षांत त्याने जे जे घातलं होतं, ते ते गेलं होतं. उरली होती ती आई. त्याने कोरणी खाली ठेवली.

साचेवाला जिना चढतानाच ओरडला, "आहेस का रे जिवंत? दोन डोक्यांचं प्लॅस्टर आणलंय. म्हटलं, वेळ आली तर एक तुझंच काढू!"

"भावजी, काहीतरीच तुमचं!" बायको म्हणाली.

"अहो वहिनी, याचं डोकं म्हणजे मापाने सोपं. आत काही नाही." त्याने गोणी खाली आपटली, वर पाहिलं, आणि पुढचा विनोद त्याच्या तोंडातच राहिला. तो डोक्याभोवती एक फेरी फिरला. मग उलटी एक.

"मागल्या खेपेला पाहिलं तेव्हा नुसतं कोरीवकाम होतं," तो म्हणाला. "तुला तोंडावर बोललो नाही, पण पार कंटाळलो होतो. हे... हे कसं केलंस तू?"

काच फोडलेल्या पोरीने उभं राहावं तशी बायको मान खाली घालून उभी होती. आता नवरा तिची चूक सांगणार होता.

तो मातीकडे बघत राहिला.

"सुचलं," तो म्हणाला.

बायकोने मान वर केली. त्याने आपल्याला सांभाळून घेतलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. डोळे भरून आले तशी ती पदराने उगीचच खिडकीची कड पुसू लागली.

साचेवाल्याने बादलीत पाणी ओतलं. "चल, मानेमागे नाव कोर. एकदा प्लॅस्टर चढलं की मग ब्रह्मदेव आला तरी जमायचं नाही."

त्याने कोरणी पुन्हा हातात घेतली. डोकं हलू नये म्हणून बायको पुढे झाली आणि तिने खालची लाकडी बैठक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. त्याने एकेक अक्षर करत आपलं पूर्ण नाव कोरलं, आडनावासकट. कडेला आलेली मातीची कणी फुंकून टाकली.

तिने वाकून वाचलं.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली.