पैनगंगेच्या अलीकडं

माझ्या माहेरी म्हणायचे, चांगुणेच्या तोंडाला कुलूप घालायचं तर आधी लोहार शोधावा लागेल. माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडं, उमरखेडच्या अंगाला. लग्न होऊन मी अलीकडं आले, बाळापूरहून नदीकडं वळलं की लागणाऱ्या एका गावात, आणि सासू मिळाली ती मालनबाई. ही बाई शब्द असे वापरायची, जसं दुष्काळात तेल. भाकर हवी का विचारलं तर मान हलवायची, नको असेल तर मानही हलवायची नाही. मला वाटायचं, माझा राग करते. नवऱ्याला, सोनाजीला, विचारलं तर तो हसून म्हणाला, "मायचं तसंच हाय. मी तिच्या पोटचा, पन मलाबी तिचा आवाज बाजारात नीट वळखू येनार न्हाई."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. शेतात हुरडा आला होता. आमच्या वस्तीतल्या बायका पहाटे टमरेलं घेऊन पांदीकडं एकत्र जायच्या, आणि गावातली खरी ग्रामसभा तिथंच भरायची. मालनबाई पोळ्यापासून त्या सभेला येईनाशी झाली. सगळ्यांच्या आधी, पार अंधारात, एकटीच जाऊन यायची. मी मनात म्हटलं, घ्या, आता माझी बडबड हिला तिथंही सोसवेना.

मग एका दुपारी ती ओढ्यावर वाकून फडकी धुताना दिसली. तिच्या हाताखालचं पाणी लाल होऊन वाहत होतं. तिची पाळी जाऊन कैक वर्षं झालेली.

"आत्याबाई, हे काय?"

तिनं फडकं पाण्यात दाबलं. "गप. मूळव्याध हाय. मल्हारीची पुडी चालू हाय. बोललीस तर गुण जाईल."

मल्हारी म्हणजे गावाबाहेर मेंढरं राखणारा म्हातारा धनगर. त्याच्याकडं मूळव्याधीचं औषध होतं, बापाकडून आलेलं. पैसा घ्यायचा नाही. माणूस सरळ होता, हे मी आजही म्हणेन. नदीच्या अलीकडच्या गावोगावचे लोक त्याच्याकडं यायचे. त्याचा नियम एकच: पुडी खाणाऱ्यानं बरं वाटेपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही. बायकोनं नवऱ्याला सांगायचं नाही, नवऱ्यानं बायकोला नाही. बोललं की गुण गेला. आमच्या वस्तीतल्या लोकांच्या पदरात, शिवाशिव नको म्हणून, तो पुडी वरूनच टाकायचा, आणि टाकल्यावर आपल्या ओठांवर बोट ठेवायचा.

आमच्या पलीकडंही मूळव्याधीचं औषध होतं, पण रीत अगदी उलटी. ते औषध पाच घरच्या पिठाच्या भाकरीत घालून खायचं. पीठ मागताना दारात उभं राहून, कुणाला काय होतंय ते मोठ्यानं सांगायचं. न सांगता आणलेलं पीठ चालत नसे. दिवस मावळेपर्यंत गावभर व्हायचं. मग पाणवठ्यावर, बाजारात जो तो विचारणार, काय गं, रगत थांबलं का? नसेल थांबलं तर लोकच उचलून एसटीत घालायचे. ज्यांनी पीठ दिलं त्यांना वाटायचं, आपल्या पिठाला अपयश कसं येतं! माझी मामी अशीच वेळेवर दवाखान्यात पोचली आणि वाचली.

सासूच्या धाकानं मी गप्प बसले. सोनाजीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं, ताप तर नाही ना म्हणून. पण मालनबाई जात्यावर सरळ बसेना, एका कुल्ल्यावर कलून दळायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मूळव्याधीनं माणूस इतकं वाळत नाही, एवढं मलाही कळत होतं. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत मरणार आणि मरतानाही मान हलवून मरणार, असं वाटलं आणि माझा संताप संताप झाला. औषध पलीकडंच राहिलेलं, पण पीठ मागायची रीत मला पाठ होती. मी पदर खोचला आणि निघाले.

पहिलं घर शेजारच्या चतुराबाईचं. मी दारात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "मालनबाईला परसाकडच्या वाटेनं रगत जातंय. पीठ वाढा."

चतुराबाई पिठाची वाटी घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. तिचा नवरा गेल्या उन्हाळ्यात वाळून वाळून गेला होता. कुणीतरी करणी केली, असं गाव म्हणायचं.

"माझा मानूस असाच गेला," ती म्हणाली. "मी त्याचं धोतर धुवायची, चांगुणे. मला म्हनायचा, बोलू नको, गुण जाईल. म्या न्हाई बोलले. त्याला माती देऊन आले, तरीबी न्हाई बोलले." वाटीतलं पीठ तिनं माझ्या पदरात घातलं आणि रिकामी वाटी छातीशी धरून तशीच उभी राहिली.

पुढं जळबाचं घर. वयानं वस्तीत सगळ्यांत मोठा, बोलण्यात खडूस. मी सांगितलं तसा तो बाजेवरून ओरडला, "ही काय थेरं काढलीस? दारोदार मागनं आपुन कवाच सोडलं!" सुनेला मात्र म्हणाला, दे तिला पीठ. मी वळले तर काठी टेकत मागं आला, आणि ज्याच्या आवाजानं कुत्री पळायची तो जळबा हळू आवाजात म्हणाला, "मलाबी हाय, पोरी. लई दिस झाले."

वस्तीतून अजून एका घरचं पीठ घेऊन मी गावात शिरले. संपतरावांच्या शेतात आम्ही कापूस वेचायला जायचो. त्यांची बायको चंद्रभागाबाई मनानं वाईट नव्हती, पण आम्हांला काहीही द्यायचं तर पायरीवरून, वरूनच सोडायची. मी अंगणात उभी राहून सांगितलं. ती सुपात पीठ घेऊन आली. पायरीवर थांबली. दाराकडं पाहिलं, मग पायरी उतरून खाली आली, इतकी जवळ की पीठ घालताना तिची बोटं माझ्या हाताला लागली.

"मलाबी," ती म्हणाली. "दिवाळीपासून. मालकास्नी सांगू नको."

"मग कुनाला सांगू, बाई?"

ती रिकामं सूप घेऊन पायरी चढली. रोजचंच गाव, रोजचीच दारं, आणि त्या दारांआड माणसं ओठांवर बोट ठेवून एकेकटी भीत बसली होती. मी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी पाचव्या घरासमोर मी कसंबसं सांगून पीठ घेतलं. अशी थक्क मी आधी कधी झाले नव्हते.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मालनबाईनं मला एक थोबाडीत ठेवून दिली. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"घालवलास गुण," ती म्हणाली. "आता म्या काय करू?"

"आता डॉक्टर."

ती माझ्या पदरातल्या पिठाकडं बघत राहिली. "समद्यांनी दिलं?"

"दिलं."

"चंद्रभागाबाईनंबी?"

"हाताला हात लागला तिचा."

तिनं चिमूटभर पीठ बोटांत धरून चोळलं. मग म्हणाली, "सोन्याला सांग. उद्याची गाडी धरू."

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एसटीत मालनबाई, मी, सोनाजी आणि काठी घेतलेला जळबा. पुढच्या बाकावर चंद्रभागाबाई, माहूरच्या देवीला जाते सांगून निघालेली. माहूर कुठं आणि नांदेड कुठं! कंडक्टर तिच्या ओळखीचा निघाला, तर तिनं सगळी वाट पदर तोंडावर ओढून काढली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिघांनाही तपासलं. चंद्रभागाबाईला आणि जळबाला साधी मूळव्याध होती. जळबा बाहेर येऊन म्हणाला, "बोट घातलं हो त्यानं!" आणि मग लेकरासारखा रडला. मालनबाईला मात्र आत ठेवून घेतलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आतड्याच्या शेवटाला गाठ आहे, कॅन्सरची. मग त्यांनी मलाच विचारलं:

"गाव कोणतं तुमचं? पैनगंगेच्या अलीकडं की पलीकडं?"

मी म्हटलं, "अलीकडं. काहून?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "इतकी वर्षं बघतोय. पलीकडून येणारी माणसं गाठ लहान असताना येतात. अलीकडून येतात ती गाठ पार यकृतापर्यंत पोचल्यावर. उघडायचं आणि तसंच शिवून टाकायचं, एवढंच हातात उरतं. ज्वारी तीच, मिरची तीच, पाणी एकाच नदीचं. मी मातीपर्यंत विचार करून दमलो. ह्या बाई अलीकडच्या असून वेळेवर कशा आल्या?"

मी त्यांना ओठांवरचं बोट सांगितलं आणि पाच घरचं पीठ सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पलीकडच्या औषधात काय असतं?"

"कोन जाने, साहेब. पन ते मागावं लागतं."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. उन्हाळ्यात आमची पैनगंगा बायका लुगडं वर खोचून ओलांडतात. गुडघाभर पाणी. त्या पाण्याच्या एका काठाला माणूस जगतो आणि दुसऱ्या काठाला मरतो, आणि मधे फरक काय, तर एकीकडं बोलतात आणि एकीकडं बोलत नाहीत. मला नदीचं भय वाटलं, आणि तोंडातल्या जिभेचंही.

डॉक्टरांनी मालनबाईला सगळं समजावून सांगितलं. खालची वाट काढून टाकावी लागेल, पोटावर डाव्या अंगाला नवी वाट करू, जन्मभर तिथूनच जायचं. ती म्हणाली, "जनमभर लोकांनी आमाला घान म्हनून लांब ठिवलं. आता घान पोटावर घिऊन हिंडू?" तिनं छताकडं पाहिलं. मग विचारलं, "पन जगंन का?"

"जगाल. वेळेवर आलात."

"मग करा."

ऑपरेशननंतर पट्टी बदलताना मी ती वाट पहिल्यांदा पाहिली. वाटलं होतं, किळस येईल. पण ते लालभडक होतं, ओलं, नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या ओठांसारखं, आणि आपलं आपण हळूच आवळत होतं, सैल होत होतं. ती झोपलेली, आणि ते जागं. माणसाच्या आत इतकं काही न सांगता, न थांबता चालू असतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी सिस्टरला म्हटलं, मला शिकवा, घरी मीच करणार. जुन्या लुगड्याच्या घड्या कशा ठेवायच्या, चामडी कशी कोरडी ठेवायची, सगळं शिकले.

गावात आलो ती वेगळ्याच हवेत. मल्हारीच्या हाताचा गुण चांगुणेनं घालवला, असं लोक बोलून राहिले होते. त्याच्याकडं पुडीला कुणी येईना. सोनाजी म्हणाला, म्हातारा भांडायला येणार, तू आतच राहा. मी कशाची आत राहते!

आला तो सकाळी, उन्हं चढल्यावर. आमच्या वस्तीत मल्हारी कधी पाय ठेवत नसे. मी त्याला जवळून बऱ्याच दिवसांनी पाहत होते. खांद्यावरचं घोंगडं खुंटीला अडकवल्यागत लोंबत होतं. गालाची हाडं वर आलेली. मी भांडणाची तयारी करून उभी, आणि त्यानं काय करावं? डोक्याचं मुंडासं सोडलं, दोन्ही हातांत पसरलं आणि आमच्या दारासमोर उभा राहिला.

ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना गप्प केलं, त्याला ते वाक्य जड जात होतं. शेवटी म्हणाला, "मल्हारीला... परसाकडच्या वाटेनं रगत जातंय. दोन वरसं झाली. आपलीच पुडी खातोय. पीठ वाढा."

वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. चतुराबाईही त्यांत होती, जिचा नवरा ह्याच माणसाच्या बोटापायी मुका मेला. मला वाटलं, ही आता ह्याच्या तोंडावर थुंकणार. ती वळून आपल्या घरात गेली.

मालनबाई उठली. पोटावरच्या घड्या एका हातानं धरून तिनं डब्यातून ओंजळभर पीठ काढलं आणि जवळ जाऊन त्याच्या मुंडाशात घातलं. वरून सोडलं नाही. त्याच्या हाताला हात लावून घातलं.

मल्हारीनं तिच्याकडं पाहिलं. "मालनबाई, उशीर झाला का गं मला?"

सगळी वस्ती तिच्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं, ही नेहमीसारखी मान हलवेल. माझ्या मनात आलं, मीच पुढं होऊन काहीतरी गोड बोलावं, म्हाताऱ्याला धीर द्यावा.

"व्हय," मालनबाई म्हणाली. "झाला असंल. पन तुजी पुडी खानारे लई लोक मागं हायती, त्यास्नी ऐकू जाऊ दे. चल."

तिनं मुंडाशाचं एक टोक आपल्या हातात घेतलं, आणि दोघंही चतुराबाईच्या दाराकडं वळली. पिठाचा भार दोघांत वाटून घेत ती हळूहळू चालत होती. दारात पोचल्यावर मालनबाईनं इतक्या मोठ्यानं हाक दिली की सोनाजी घरातून धावत बाहेर आला आणि मला विचारू लागला, हा आवाज कुणाचा?