बिनवासाची बाटली

सुहैर मोमनी हिचं नाक चौदा वर्षं जॉर्डनमधल्या इर्बिदच्या ऑलिव्ह-तेल प्रयोगशाळेतलं सर्वांत भरवशाचं उपकरण मानलं जात होतं. ते बिघडल्याचं सप्टेंबरच्या अखेरीस तिला कागदावर दाखवण्यात आलं. बारा तेलं प्रत्येकी दोनदा, वेगवेगळ्या क्रमांकांखाली, तिच्यासमोर ठेवली गेली होती आणि त्यांपैकी पाच तेलांना तिने दोन वेळा दोन वेगळे निकाल दिले होते.

“सित्त सुहैर, मी तुमचा फार आदर करतो,” चाखणाऱ्यांच्या मंडळाचे प्रमुख डॉ. जिर्यीस ‘सित्त’, म्हणजे बाईसाहेब, असं अदबीने संबोधत म्हणाले. हे वाक्य ते फक्त वाईट बातमीआधी वापरत. “सव्वीस दिवसांनी हीच चाचणी पुन्हा होईल. तेव्हाही असंच झालं, तर खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

तिने सर्दीचं नाव घेतलं नाही. सर्दी नेमकी पाच तेलं निवडत नाही. तेल चाखण्याआधी अर्धा तास धूम्रपान करायचं नाही, हा मंडळाचा नियम तिने चौदा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मात्र उरलेल्या साडेतेवीस तासांत ती रोज एक पाकीट संपवत असे, आणि तेही विद्यापीठात होती तेव्हापासून. पूर्वी दोनदा तिने सिगारेट एकदम सोडून पाहिली होती. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी तिला साधा तक्ता भरता येईना. म्हणजे निकोटीन हवं, धूर नको. इलेक्ट्रॉनिक सिगारेट निर्धोक असते असं ती मानत नव्हती. त्यात काही जळत नाही, एवढंच तिला पटत होतं, आणि तूर्त तेवढं पुरेसं होतं.

विद्यापीठ रस्त्यावरच्या अशा सिगारेटींच्या दुकानात मुअतसिम नावाचा तिशीचा, कोरलेल्या दाढीचा माणूस काउंटरमागे बसला होता. त्याच्यामागे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी चौकटीत टांगलेली होती आणि तिच्याखाली रंगीत बाटल्यांच्या सहा रांगा.

“या खाला, या! मुलासाठी बघताय?”

“माझ्यासाठी.”

“अरे वा! मग कुनाफा मिठाईचा स्वाद घ्या. आतलं चीज आणि पाक, दोन्ही लागतात जिभेला. आणि निकोटीन सगळ्यांत कमीचं देतो, तीनचं. तब्येतीला बरं.”

“दिवसाला वीस सिगारेटी ओढणारीला तीन मिलिग्रॅम दिलंस, तर मी दिवसभर हे यंत्र तोंडातून काढणार नाही आणि संध्याकाळी खाली जाऊन पाकीट आणीन. वीसचं दे. आणि ते घट्ट लिक्विड नको. या एवढ्याशा यंत्रातला कापूस ते शोषू शकणार नाही, जळेल.”

मुअतसिमने तिच्याकडे नीट पाहिलं. “खाला, तुम्ही करता काय?”

तिने नाव आणि काम सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. काउंटरखालून त्याने तेलाची बरणी आणि पावाचा तुकडा काढला. “आमचं अजलूनचं. बाबांच्या झाडांचं, गेल्या हंगामातलं. तुम्हीच सांगा.”

तिने पाव बुडवून खाल्ला. “चांगलं आहे,” ती म्हणाली आणि यंत्र आणि पुदिन्याच्या स्वादाची बाटली घेऊन निघाली. फळं आणि मिठाया नाकात रेंगाळतील, तंबाखूचा स्वाद जुन्या सवयीची आठवण करून देईल. पुदिना निदान स्वच्छ असतो, असा तिचा तर्क होता.

तर्काची परीक्षा तिने नेहमीच्या पद्धतीने घेतली. धाकटी बहीण उमैमा शेजारच्याच घरात राहत असे. तिला तिने निळ्या काचेचे तीन पेले दिले. तेलाचा रंग दिसू नये म्हणून ते निळे असतात. दोन पेल्यांत एकच तेल, तिसऱ्यात वेगळं. वेगळं कोणतं ते सुहैरने ओळखायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये सफरचंदाची फोड आणि पाणी. दिवसाला तीनच फेऱ्या, कारण नाकही थकतं.

“लोकांच्या बहिणी संध्याकाळी मालिका बघतात,” उमैमा पेले कोमट पाण्यात ठेवत म्हणाली. “माझी बहीण मला तेलवाली करते.”

“बोलू नकोस. तुझ्या आवाजावरून कळतं मला.”

“कळतं तर मग चुकतेस कशाला गं?”

सातव्या, आठव्या आणि नवव्या दिवशी मिळून नऊ फेऱ्या झाल्या. सुहैरने चार बरोबर ओळखल्या. डोळे मिटून बोट ठेवलं असतं, तरी तीन आल्या असत्या. सिगारेट तिने नऊ दिवस ओढली नव्हती. तरी ताज्या तेलाचा घशाला लागणारा तिखटपणा, जो तिने आयुष्यात कधी चुकवला नव्हता, जाणवतच नव्हता. घसा थंडगार पडलेला. तेव्हा तिला चूक कळली. पुदिना स्वच्छ नव्हता. तो घशाला बधिर करत होता. धुराच्या जागी तिने दुसरा पडदा आणून टांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दुकानात हजर झाली.

“बिनवासाचं दे.”

“कसला वास नको?”

“कसलाच.”

“खाला, बिनवासाचं लोक घरी स्वाद मिसळायला नेतात. नुसतं कोणी ओढत नाही. पावाशिवाय सँडविच खाल्ल्यासारखं होईल ते!”

“मला सँडविच नकोच आहे.”

त्याने हसत बाटली काढली. त्याच वेळी तिची नजर काउंटरवरच्या पुठ्ठ्याकडे गेली. तेलाच्या पाच पत्र्याच्या डब्यांवर तो टेकवून ठेवला होता: ‘अजलूनचं अस्सल तेल. प्रयोगशाळेच्या डॉक्टर सुहैर यांनी चाखून पसंत केलेलं.’

तिला तो खटकला. तेल वाईट आहे म्हणून नव्हे. ते कसं आहे हे आपल्याला ठाऊकच नाही म्हणून. “हा पुठ्ठा आठ दिवस आत ठेव,” ती म्हणाली. “मग मी सांगते.”

बिनवासाचा द्रव किंचित गोडसर लागे, बाकी काहीच नाही. त्यात मजा नव्हती, आणि मजा नसणं हाच त्याचा गुण होता. पुढच्या नऊ फेऱ्यांत आठ बरोबर आल्या. उमैमाने टाळ्या वाजवल्या. सुहैरने चुकलेल्या फेरीखाली रेघ मारली.

अठराव्या दिवशी ती दुकानात शिरली. मुअतसिमने बरणीचं झाकण उघडलं आणि पाव पुढे करण्याआधीच तिला उत्तर मिळालं. ओल्या पोत्याचा, आंबूस, कुबट वास.

“फळं किती दिवस पोत्यात होती?”

“म्हणजे?”

“घाण्यावर जाण्याआधी. आठवडाभर तरी.”

“आठ दिवस. गर्दी होती, बाबांनी नंबर शेजाऱ्यांना दिला. पण त्यानेच तर चव मुरते, खाला! आजोबाही असंच करायचे.”

“चव मुरत नाही, फळ कुजतं. तेल सदोष आहे. माझं नाव काढ.”

त्याचा आवाज चढला. “गेल्या वेळी चांगलं म्हणालात! तीन डबे विकले मी तुमच्या शब्दावर. आज वाईट? मग तुमचा कोणता शब्द धरायचा?”

“आजचा. तेव्हा माझं नाक काम करत नव्हतं, आणि ते मी तुला सांगितलं नाही. चूक माझी. ज्यांनी डबे नेले, त्यांनाही मीच सांगेन.”

“कशावरून आज करतंय?”

प्रश्न रास्त होता. तिने कडू कॉफीचे बिनकानाचे तीन कप मागितले, शेजारच्या वाण्याकडचं तेल आणायला लावलं आणि भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी राहिली. मुअतसिमने सहा वेळा कप भरले, फिरवले, एकदा लबाडी करून तिन्हींत एकच तेल ओतलं.

“यात वेगळा नाहीच,” ती म्हणाली. “पुन्हा भर.”

ती फेरी सोडून पाच झाल्या, पाचही बरोबर. नुसत्या नशिबाने हे दोनशे त्रेचाळीसमध्ये एकदा घडतं. अभियंत्याला तो आकडा समजावावा लागला नाही. त्याने पुठ्ठा दुमडून कचऱ्यात टाकला आणि डबे काउंटरवरून खाली काढले.

“बाबांना कोण सांगणार?”

“तू. या हंगामात फळं तोडल्या दिवशीच घाण्यावर न्या. मग मला बोलाव.”

सव्विसाव्या दिवशी सकाळी सुहैर चाचणीच्या, तीन बाजूंनी बंद कप्प्यात बसली. बिनवासाचं यंत्रही तिने दोन तास आधीच घरी ठेवलं होतं. नियम अर्ध्या तासाचा असला तरी. पहिल्या निळ्या पेल्यावरची काच उचलताच ओल्या पोत्याची ओळख पटली. तिने खूण केली आणि पुढे गेली.

दुपारी डॉ. जिर्यीस कागद घेऊन आले. “बारांपैकी अकरा जोड्या जुळल्या. मंडळात इतक्या कुणाच्याच नाहीत. खुर्ची तुमचीच, सित्त सुहैर.”

“बारावी कोणती?”

“अहो, जाऊ द्या! नऊ पुरेशा होत्या.”

सुहैरने सफरचंदाची फोड तोंडात टाकली, पाण्याची बाटली जवळ ओढली आणि पुन्हा कप्प्यात जाऊन बसली.

“ते दोन पेले परत आणा,” ती म्हणाली.