कोपऱ्यातली मऊ जमीन

नकली हिरवळीचं एक बरं असतं. ती वाळत नाही, वाढत नाही, पाणी मागत नाही. गिऱ्हाईक एवढं ऐकूनच खूश होतं. खालच्या चिकणमातीला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या हिरव्या गालिच्याला कुठे ना कुठे खड्डा पाडतेच. तो बुजवायला धाकट्याला बोलावतात. खरं तर थोरला आणि धाकटा अशी ही भावांची जोडी, नावं गिऱ्हाइकांनीच पाडलेली. थोरला जाऊन वर्ष झालं, तरी पन्नाशीचा धाकटा धाकटाच राहिला.

त्या दिवशीचा पत्ता त्याने दोनदा वाचला. हे अंगण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं. भिंतीकडचा कोपरा मऊ आहे, दोन वीत उकरून खडी भरू, असं थोरला म्हणत होता. धाकट्याला घाई होती, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कबूल केलं होतं. वर गालिचा पडल्यावर कोण बघतंय, असं तो म्हणाला आणि शब्दाने शब्द वाढला. शेवटी थोरला "बरं, तुझं खरं" म्हणाला, आणि संध्याकाळी आपली अवजारं वेगळी काढून घेऊन गेला. मग आठ महिने बोलणं नाही. आठ महिन्यांनी बोलायला थोरलाच उरला नाही. तेव्हापासून भावाची आठवण आली की धाकट्याला आधी लाज वाटायची आणि मग रडू यायचं.

दार त्या घरच्या सुनेने उघडलं. सासूबाई त्याच कोपऱ्यात पाय मुरगळून पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर निघालं तरी त्या अंगणात पाऊल टाकायला तयार नव्हत्या. सकाळ-संध्याकाळच्या तिथल्या चार फेऱ्या हेच त्यांचं फिरणं. तेही बंद झालं तर त्या अंथरूण धरतील, असं सून म्हणाली.

आजी खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी धाकट्याला खुणेने जवळ बोलावलं.

"तिथे एक जण येतो," त्या म्हणाल्या. "भर दुपारी. अनवाणी असतो. टाच दाबून दाबून जमीन बघतो आणि मधेच थांबतो."

सुनेने मागून मान हलवली, म्हणजे मनावर घेऊ नका. पण धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. थोरला खडी टाकण्याआधी बूट काढून सगळी जमीन टाचेने चाचपायचा. हाताला कळत नाही ते टाचेला कळतं, म्हणायचा. आजींनी हे तेव्हा पाहिलं असेल म्हणावं, तर हिरवळ घातली तेव्हा त्या लेकीकडे राहत होत्या. त्याने सुनेला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्याने कोपऱ्यातला सांधा कापला, गालिचा मागे गुंडाळला, वाळू घमेल्यात काढली आणि खालचं कापड उचललं. मातीत पावलं होती. टाचा खोल, बोटं उथळ, उजव्या पायाला करंगळी नाही. थोरल्याची करंगळी एका कामावर दगडाखाली गेली होती. आठ पावलं भिंतीच्या दिशेने जात होती आणि भिंत हातभर राहिली असताना थांबली होती. तिथेच धाकट्याने त्याला पुरे म्हणून हाक मारली होती.

खडी पडली असती तर ही पावलं तेव्हाच मोडली असती. धाकट्याच्या घाईने ती जपली होती. आजूबाजूची माती भेगाळली होती, पण पावलांत ओल होती. चिकणमाती पाणी धरते, हे काय त्याला नव्याने कळायचं होतं? तरी त्याने बोट लावून पाहिलं. ओल कोमट लागली.

त्याने मोबाइलवर फोटो काढला. फोटोत नुसती माती आली.

पावलं ठेवायची तर कोपरा तसाच ठेवायला हवा होता. त्याने कापड पुन्हा हलकेच अंथरलं, वर जास्तीची वाळू ओतली, गोंद लावून सांधा बसवला, ब्रशने गवताची पाती उभी केली. खड्डा दिसेनासा झाला. दोन पावसांत तो पुन्हा पडणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि हे आपण आधीही कधीतरी म्हटलंय हे त्याच्या लक्षात आलं.

एवढ्यात आजी काठी टेकत अंगणात आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. सून दारातच थबकली. आजी भिंतीकडे निघाल्या तसा धाकटा आडवा आला.

"आजी, इकडे नका येऊ."

"का रे? काम झालं ना तुझं?"

आजी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचं मनगट अजून सुजलेलं होतं.

"नाही झालं," तो म्हणाला. "थोडा वेळ बसा. नीट करून देतो."

त्याने ओला सांधा ओढून उघडला, वाळू काढली, कापड फेकलं. मग बूट काढले. आठव्या पावलाच्या पुढे उभं राहून तो एकेक टाच दाबत भिंतीपर्यंत गेला. मऊ जमीन थेट भिंतीपर्यंत होती. थोरल्याला तेवढंच बघायचं राहिलं होतं. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं त्याला सारखं वाटत होतं, पण त्याने वळून पाहिलं नाही.

मग त्याने कुदळ घेतली. पावलं ढेकळांबरोबर निघाली, करंगळी नसलेलं एक सगळ्यात शेवटी. ते वेगळं काढून ठेवावं असं एकदा मनात आलं. पण ढेकूळ हातातच फुटलं. त्याने ते घमेल्यात टाकलं आणि दोन वीत खोल गेल्यावर खडीचा पहिला थर पसरून धुमसाने ठोकायला घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. भावाची फार आठवण येत होती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्या आठवणीची त्याला लाज वाटत नव्हती.