खर्ड्यातलं तिसरं गाणं

बिभीषण जामखेडच्या एका बँडपथकात तेवीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. सगळं आयुष्य वरातींत गेलेलं. अशाच एका लग्नात पुण्याची जॅझ गायिका दिशा पाहुणी म्हणून आली, त्याचं वाजवणं ऐकून जेवण सोडून उठली आणि म्हणाली, "मास्तर, माझा अल्बम तुमच्या पथकाबरोबर करायचाय. स्टुडिओत नाही, लोकांसमोर, एका दमात."

दोन महिने तालीम झाली. रेकॉर्डिंग ठरलं खर्ड्याच्या मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. नेमकी त्याच वेळी एका पुढाऱ्याचा पुतण्या रविराज याच्या वाढदिवसाची मिरवणूक होती. त्यानं बँडसाठी निरोप धाडला. बिभीषणनं नम्रपणे नाही म्हणून कळवलं.

तिसरं गाणं रंगात आलं असताना दार लाथेनं उघडलं. रविराज आणि सहा-सात जण आत घुसले. हातात लोखंडी पाइप.

"आमची मिरवणूक सोडून हिच्यामागं वाजवतो व्हय रं?"

"दादा, आमी आधीच शब्द दिल्ता..."

पाइप तोंडावर बसला. समोरचे चार दात तुटून जिभेवर आले. ढोलवाला कल्याण मधे पडला, तर त्याला खाली पाडून त्याचा उजवा हात बुटांनी चेचला. लोक खुर्च्या तुडवत पळाले. दिशाला कुणीतरी केसांना धरून माइकच्या स्टँडवर आपटलं, तिची भुवई फाटली.

बिभीषणनं ट्रम्पेट उचललं आणि रविराजच्या तोंडावर हाणलं. तो कोसळला. त्याचं रक्त बघून बाकीचे बिथरले आणि त्याला उचलून पळाले.

रविराजचा डावा डोळा गेला. "एकदाच हाणलं, जीव वाचवाया," असा जबाब बिभीषणनं पोलिसांना दिला. बायकोला, सत्यशीलेलाही त्यानं तेच सांगितलं. त्याला स्वतःलाही तेवढंच आठवत होतं.

आठव्या दिवशी दिशा बिभीषणला भेटायला दवाखान्यात आली. "मास्तर, मशीन चालूच होतं. सगळं आलंय त्यात." तिनं त्याच्या कानांना हेडफोन लावले.

त्यानं दार ऐकलं, पाइप ऐकला. मग रविराजचा रडका आवाज आला: "पुरे मास्तर, पाया पडतो." त्यानंतर पितळ हाडावर आपटल्याचा आवाज. एकदा नव्हे, पाचदा.

बिभीषणनं हेडफोन काढले.

"शेवटचं एवढं मी काढू शकते," दिशा हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

खाटेशी बसलेल्या सत्यशीलेनं हेडफोन मागून घेतले. ऐकून झाल्यावर तिनं ते खाली ठेवले. मग म्हणाली, "पाया पडत हुता, तरी हाणलं तुमी?"

टाके घातलेल्या तोंडानं बिभीषण दिशाला म्हणाला, "ताई, समदं द्या पोलिसांला." शब्द नीट फुटले नाहीत, म्हणून पुन्हा म्हणाला.

रविराजच्या टोळीला अटक झाली आणि बिभीषणलाही. चार महिने आत काढून तो जामिनावर सुटला. कल्याणचा हात पुन्हा सरळ झालाच नाही. बिभीषणनं कवळी बसवली, पण ट्रम्पेट ओठाला लावलं की कळ मस्तकात जायची.

अल्बम निघाला. नवरा-बायकोनं तो ओट्यावर बसून मोबाईलवर ऐकला. तिसरं गाणं दार उघडायच्या आधीच तोडलं होतं.

"फुडं काय वाजवनार हुता?" सत्यशीलेनं विचारलं.

त्यानं गुणगुणून बघितलं. कवळीतून नुसती हवा गेली. त्यानं कवळी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा सूर धरला.